सही करण्याआधीचा वेळ

राष्ट्रपतिपदाचा विषय निघाला की चर्चा बहुतेक दोन वाक्यांत आटोपते. 'त्यांच्या हातात असतं काय, पुढे येईल त्यावर सही करायची.' आणि लगेच, 'मग एवढा थाटमाट हवा कशाला?' संसदीय पद्धतीतल्या या पदाबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राष्ट्रपतीला राज्यकारभाराचा अधिकार नसावा, तसूभरही नसावा. पण कागद टेबलावर आल्यापासून सही होईपर्यंतचा वेळ त्याच्या हक्काचा आहे. त्या वेळात त्याने प्रश्न विचारलेच पाहिजेत, तेही कारणं देऊन आणि सगळ्यांना कळतील असे.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडला तेव्हा हे पद फार नेमकं समजावून सांगितलं होतं. राष्ट्रपती हा राज्याचा प्रमुख असेल, कार्यकारी सत्तेचा नाही. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करेल, राष्ट्रावर राज्य करणार नाही. इंग्लंडच्या राजाचं जे स्थान, तेच त्याचं. सगळ्या प्रौढ मतदारांनी राष्ट्रपती थेट निवडावा, असा आग्रह संविधान सभेचे सदस्य के. टी. शहा यांनी धरला होता. त्यावर नेहरूंचं उत्तर साधं होतं: सगळ्या देशाने मतं देऊन निवडलेल्या माणसाला खरी सत्ता द्यायचीच नाही, हे विसंगत होईल. आणि सत्ता दिली तर दोन सत्ताकेंद्रं झाली. मला हे उत्तर आजही पटतं.

पण सत्ता नाही म्हणजे कामच नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो किती महागात पडतो हे बघायला २५ जून १९७५ ची रात्र पुरेशी आहे.

त्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधींचं पत्र राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे आलं. अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे, विषय तातडीचा आहे, मंत्रिमंडळापुढे नेला असता पण आज रात्री ते शक्य नाही, असा मजकूर होता. त्यासाठी कामकाजाच्या नियमांतल्या एका तरतुदीचा आधार घेतला होता. मध्यरात्रीच्या आत आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली. मंत्रिमंडळ बसलं २६ जूनच्या सकाळी सहा वाजता. तोवर विरोधी नेत्यांची धरपकड सुरू झालेली होती आणि दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज गेलेली होती.

इथे क्षणभर थांबायला हवं. राष्ट्रपतीला सल्ला द्यायचा तो मंत्रिमंडळाने, एकट्या पंतप्रधानांनी नाही. त्या रात्री राष्ट्रपतींसमोर मंत्रिमंडळाचा निर्णय नव्हता, नुसतं पत्र होतं. बंड करायची गरज नव्हती. 'मंत्रिमंडळाचा निर्णय घेऊन या, मी वाट बघतो' एवढं म्हणणं घटनेच्या चौकटीत पूर्ण बसत होतं. मंत्रिमंडळाने सकाळी मंजुरी दिलीच असती, असं कोणी म्हणेल. असेलही. पण दिवसाउजेडी, मंत्र्यांसमोर, चर्चेला आलेला विषय आणि रात्री एका सहीवर उरकलेला विषय यांत फरक असतो. सकाळी मंत्र्यांपुढे झालेली गोष्ट आली, तिथे विरोध करायला जागाच उरली नव्हती.

पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला. जनता सरकारच्या काळात ४४ वी दुरुस्ती आली, आणि माझ्या मते या पदाचा खरा अर्थ तिच्यात आहे. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतीला लेखी कळवणं सक्तीचं झालं. 'अंतर्गत अशांतता' हे कारण जाऊन 'सशस्त्र उठाव' आलं. आणि कोणताही सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायचा अधिकार राष्ट्रपतीला मिळाला. फक्त एकदा. परत तोच सल्ला आला तर सही करायची. यापेक्षा जास्त काही मी या पदासाठी मागणार नाही.

हा 'एकदा' नीट वापरला तर काय होतं ते राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी दाखवलं. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात मुख्यमंत्री कल्याणसिंहांनी सभागृहात विश्वासदर्शक ठराव जिंकला. त्या वेळी सभागृहात झालेली हाणामारी सगळ्या देशाने पाहिली, आणि केंद्रातल्या गुजराल सरकारने तिथे राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. राष्ट्रपती राजवटीच्या गैरवापराला चाप लावणारा बोम्मई खटल्याचा निकाल येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बहुमताचा फैसला सभागृहातच व्हायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं होतं. नारायणन यांनी शिफारस परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारने बिहारबाबत तशीच शिफारस केली, तीही परत गेली. म्हणजे पक्ष कोणता हे त्यांनी पाहिलं नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत सरकारने बिहारची शिफारस पुन्हा केली तेव्हा राष्ट्रपती राजवट लागली. महिन्याभरात सरकारलाच ती मागे घ्यावी लागली, कारण तिच्या मंजुरीसाठी लागणारं बहुमत राज्यसभेत नव्हतं. राष्ट्रपतीने प्रश्न विचारायचा, बाकीचा निवाडा संसदेने करायचा. हे काम असंच चालायला हवं. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं, म्हणजे खासदारांना काही सरकारी पदं सांभाळूनही खासदार राहू देणारं, विधेयक परत पाठवलं, संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली. काहींना तो पराभव वाटला. मला नाही वाटत, कारण आक्षेप नोंदला गेला आणि संसदेला तो विषय पुन्हा हातात घ्यावा लागला.

झैलसिंगांचं उदाहरण मात्र मला अडचणीचं वाटतं. लोकांची पत्रं सरकारला अडवता यावीत अशी तरतूद असलेलं टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक १९८६ मध्ये त्यांच्याकडे आलं. त्यांनी सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. घटनेत मुदत नसल्याने ते तसंच पडून राहिलं. परिणाम चांगला झाला याबद्दल वाद नाही. ते विधेयक वाईटच होतं. तरीही गप्प राहून कागद दाबून ठेवणं मला मान्य नाही. कारण न देता चांगलं विधेयकही असंच दाबून ठेवता येतं, आणि मग जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न विचारण्याची किंमत मोजावी लागते, हेही खरं. आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष कॅरोल ओ डाली हे आधी तिथले सरन्यायाधीश होते. १९७६ मध्ये, ब्रिटिश राजदूताच्या हत्येनंतर, आरोप न ठेवता माणसाला सात दिवस डांबून ठेवू देणारं विधेयक त्यांच्यापुढे आलं. त्यांनी ते सर्वोच्च न्यायालयाकडे तपासायला पाठवलं. हा अधिकार तिथल्या घटनेनेच त्यांना दिलेला आहे. न्यायालयाने ते वैध ठरवलं, त्यांनी सही केली. इथे विषय संपायला हवा होता. पण संरक्षणमंत्र्यांनी लष्करी छावणीतल्या एका समारंभात, सैनिकांसमोर, राष्ट्राध्यक्षांना देशाला लाज आणणारा माणूस अशा शब्दांत हिणवलं. पंतप्रधानांनी मंत्र्याचा राजीनामा घेतला नाही. तेव्हा ओ डालींनीच २२ ऑक्टोबर १९७६ ला पद सोडलं, पदाची प्रतिष्ठा राखण्यासाठी. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी सरकार अडवलं नव्हतं, कायदा रोखला नव्हता. नुसतं विचारलं होतं.

विचारलंच नाही तर काय होतं, हे नेपाळने २०२१ मध्ये पाहिलं. शेरबहादूर देउबा यांनी १४९ खासदारांच्या सह्यांनिशी सरकार बनवायचा दावा केला होता. राष्ट्राध्यक्ष विद्यादेवी भंडारी यांनी तो फेटाळला आणि पंतप्रधान ओलींच्या शिफारशीवर सभागृह बरखास्त केलं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सभागृह पुन्हा उभं केलं आणि देउबांना पंतप्रधान नेमायचा आदेश दिला. जे काम राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात सह्या मोजून व्हायला हवं होतं, ते न्यायालयाला करावं लागलं.

'मग राष्ट्रपतीला जास्तच अधिकार देऊ या' असं म्हणणारे मित्र आहेत. त्यांनी पाकिस्तानकडे बघावं. १९८५ च्या आठव्या घटनादुरुस्तीने तिथल्या राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या मर्जीने नॅशनल असेंब्ली बरखास्त करता येऊ लागली. १९८८, १९९०, १९९३ आणि १९९६, चार वेळा ते हत्यार चाललं. आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या, वायमार काळातल्या जर्मनीत हिंडेनबुर्ग हे थेट लोकांनी निवडलेले, वटहुकुमांचे प्रचंड अधिकार असलेले अध्यक्ष होते. ३० जानेवारी १९३३ ला हिटलरची नेमणूक त्यांच्याच हातून झाली. म्हणूनच १९४९ नंतरच्या जर्मनीने हे पद मुद्दाम दुबळं ठेवलं.

इटलीचे राष्ट्राध्यक्ष मातारेल्ला यांनी २०१८ मध्ये अर्थमंत्रिपदासाठी सुचवलेलं एक नाव नाकारलं, तेव्हा ते मर्यादेच्या अगदी कडेला गेले असं माझं मत आहे. पण त्याच संध्याकाळी त्यांनी देशासमोर येऊन कारण सांगितलं. लोकांना त्यावर भांडता आलं, आणि पाचच दिवसांनी दुसऱ्या अर्थमंत्र्यासह सरकार बनलं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. विधेयक किंवा शिफारस परत पाठवायची तर ठरावीक मुदतीत पाठवा, आणि सोबतचं पत्र लगेच जाहीर करा. सरकारचं उत्तरही जाहीर व्हावं. नारायणन यांनी मार्च १९९८ मध्ये त्रिशंकू लोकसभेनंतर वाजपेयींना का बोलावलं, पाठिंब्याची पत्रं कशी तपासली, हे राष्ट्रपती भवनातून निवेदन काढून सांगितलं होतं. ते त्यांच्या स्वभावामुळे झालं, नियमामुळे नाही. तो नियम करायला हवा, आणि राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरताना जात, प्रांत, पक्षनिष्ठा यांच्या हिशोबाआधी प्रत्येक पक्षाला एक विचारायला हवं: या व्यक्तीने आजवर स्वतःच्या नेत्याला एखादा अवघड प्रश्न कधी विचारलाय का?