समोरची पोती आणि मागची दीड फूट जागा

नमस्कार,

विजेच्या पॅनेलसमोर एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही रागावून, पण नीट मुद्दे मांडून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लातूरला छोट्या शेडमध्ये दालमिल आहे. तुरीचा हंगाम आला की पोती ठेवायला जागा पुरत नाही, मग पॅनेलसमोर थप्पी लागणारच. पॅनेलच्या मागे तुम्ही दीड फूट जागा सोडली आहे. काही झालं तर ब्रेकर ट्रिप होतो, आजवर काही झालेलं नाही, आणि हे नियम मोठ्या कंपन्यांसाठी असतात. ‘खुर्चीत बसून लिहिणाऱ्याला शेडचं भाडं भरावं लागत नाही,’ असंही तुम्ही लिहिलंत.

भाड्याचा मुद्दा खरा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत आडत बाजारातून माल आला की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते, हे लातूरच्या माणसाला सांगायला नको. तरी हिशेब करू. तुमचं पॅनेल आठ फूट लांब धरलं, तर समोरची एक मीटर जागा होते साधारण २६ चौरस फूट. एवढीच जागा मी मागतोय.

पॅनेलसमोर एक मीटर मोकळं ठेवायचा नियम मोठ्या कंपन्यांपुरता नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून तो चालत आला आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत तो होता आणि आता २०२३ च्या विनियमांतही आहे. थ्री फेज ४१५ व्होल्टवर चालणारी तुमची मिल त्यात येतेच.

आता मागची जागा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली, समोरच्या पोत्यांपेक्षाही. पॅनेलच्या मागे उघडी जोडणी असेल, तर नियम सांगतो की मागची जागा एक तर २० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, नाही तर ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त. मधलं माप चालत नाही. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर, म्हणजे नेमकं मधलं. २० सेंटिमीटरमध्ये माणूस शिरूच शकत नाही. ७५ च्या वर तो सरळ उभा राहून काम करतो आणि धक्का बसला तर मागे सरू शकतो. पण ४५ सेंटिमीटरमध्ये तो आडवा होऊन कसाबसा शिरतो. पाठ भिंतीला, छाती बसबारसमोर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांसमोर), आणि हातातला पाना फिरवायला कोपर हलत नाही. भिंत विटांची, पावसाळ्यात ओल धरलेली, आणि घामाने भिजलेला सदरा तिला चिकटलेला. हात चुकून फेजला लागला की करंटला छातीतून पाठीकडे आणि पाठीतून जमिनीकडे वाट तयारच असते. अमेरिकेच्या विद्युत संहितेत तर समोर विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर ती अर्थ केलेलीच धरतात आणि ४१५ व्होल्टसारख्या दाबाला मोकळी जागा तीन फुटांऐवजी साडेतीन फूट मागतात. हे अंतर मोजायचं तेही पत्र्यापासून नाही, मागे सर्वात पुढे आलेल्या भागापासून. तसं मोजलंत तर तुमचे ४५ सेंटिमीटर आणखी कमी भरतील.

शिवाय ७५ च्या वर जागा असेल तर बाहेर पडायची वाट १.८ मीटर उंचीपर्यंत मोकळी ठेवायला नियम सांगतो. तिथे जुना बारदाना, मोडकी मोटर, बेल्ट असं काही नको.

ब्रेकर ट्रिप होतो, हे अर्धंच खरं आहे. समजा तुमचा ट्रान्सफॉर्मर २०० केव्हीएचा आहे. पूर्ण लोडला तो साधारण २६७ अँपिअर देतो, पण त्याच्या एलटी, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला पक्का शॉर्ट झाला तर ६,००० अँपिअरच्या आसपास करंट येतो आणि ब्रेकर लगेच उडतो. हवेतून आर्क, म्हणजे विजेची ज्वाळा पेटली तर मात्र करंट बराच कमी असतो. कधी कधी इतका, की ब्रेकरला तो नेहमीच्या ओव्हरलोडसारखा वाटतो आणि तो वेळ घेतो. आर्कचं तापमान १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, तिथे अर्धा सेकंदसुद्धा फार झाला. आणि शॉर्ट इनकमरच्या, म्हणजे पॅनेलच्या मेन ब्रेकरच्या, वरच्या टोकाला झाला तर? तिथे तुमच्या पॅनेलमधला एकही ब्रेकर कामाचा नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी ट्रान्सफॉर्मरच्या ११ केव्ही बाजूचा डीओ (खांबावरचा फ्यूज) वितळेपर्यंत आर्क पेटलेलाच राहतो. अशा वेळी अंतरच माणसाला वाचवतं. चेहरा ३० ऐवजी ६० सेंटिमीटरवर असेल तर अंगावर येणारी उष्णता साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. वायरमनच्या पाठीमागे पोत्यांची थप्पी असेल तर तो ते अंतर आणणार कुठून? हेल्परने त्याला ओढून बाहेर काढायचं कसं?

आजवर काही झालं नाही याचा मला मनापासून आनंद आहे. पण दालमिलच्या पॅनेलमध्ये तुरीची टरफलं आणि बारीक चुरी बसलेली असते, केबलच्या भोकातून पाल शिरते. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला की ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी उपकरणं) गरम होऊन बंद पडतात म्हणून दार उघडं टाकून समोर टेबल फॅन लावतात, आणि तो फॅन सगळी धूळ बसबारवर नेऊन टाकतो. हे मी परभणीकडच्या जिनिंगमध्ये सरकीच्या तंतूंसह पाहिलं आहे आणि जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये लोखंडाच्या भुकटीसह. तिथे तर ती भुकटी स्वतःच करंट वाहते. दार बंद ठेवून त्यालाच फिल्टरचा एक्झॉस्ट फॅन बसवा, केबलची भोकं ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावून बुजवा.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. थप्पी कुठे लावायची हे हमाल तुम्हाला विचारतात. वायरमनला कुणी विचारत नाही, आणि रात्री मिल बंद पडली की त्या फटीत शिरायला तो नाही म्हणू शकत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागेल.

तुमच्यापुरतं सांगतो. समोर एक मीटरवर पिवळा पट्टा मारा आणि मुकादमाला दाखवून ठेवा की थप्पी याच्या आत येणार नाही. त्याच जागेत आयएस १५६५२ या भारतीय मानकाचा वीजरोधक मॅट टाका. मागच्या फटीच्या दोन्ही टोकांना जाळीचं दार लावून कुलूप घाला, किल्ली तुमच्याकडे ठेवा. मेन बंद केला तरी इनकमरच्या वरच्या टोकाला करंट असतोच, म्हणून ट्रान्सफॉर्मरकडून लाईन बंद करून, टेस्ट करून, अर्थ केल्याशिवाय ते कुलूप उघडायचं नाही. कुलूप हा तात्पुरता इलाज आहे. हंगाम संपला की शटडाऊन घेऊन पॅनेल हलवावंच लागेल. सगळी जोडणी समोरून करता येत असेल तर ते भिंतीजवळ सरकवा, तुमची जागाही वाचेल. येत नसेल तर मागे ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा भरेल इतकं, म्हणजे फुटाहून जास्तच, पुढे घ्यावं लागेल.

यातलं कोणतं जमेल हे केबलची लांबी किती शिल्लक आहे त्यावर आणि बसबार कुठे आहे त्यावर ठरेल. पॅनेलची लांबी-रुंदी, केबल वरून येते की खालून, आणि मागचं झाकण उघडणारं आहे का, एवढं इथेच लिहा. मी उत्तर देईन.