‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणजे नेमकं कोणतं, ते लिहा की!

आय-सेव्हन प्रोसेसर. गेमिंग मदरबोर्ड. १६ जीबी रॅम. ५१२ एसएसडी. ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. ५०० वॅट एसएमपीएस. गेमिंग कॅबिनेट. एकूण ४५ हजार.

हे एका गेमिंग कॉम्प्युटरचं कोटेशन आहे. अख्ख्या कागदावर एकाही वस्तूचं पूर्ण नाव नाही. कोणता आय-सेव्हन? कोणतं कार्ड? दुकानदार लिहायला विसरला, असं अजिबात नाही. लिहिलं असतं तर गिऱ्हाईकानं बाहेर जाऊन मोबाईलवर बघितलं असतं आणि परत पायरी चढला नसता, म्हणून लिहिलेलं नाही. डोकं फिरतंय ते ह्याच्यामुळं.

कागद माझ्या दाजींचा आहे. औसा तालुक्यात शेती, पोरगं इंजिनिअरिंगला लागलंय. त्याला कोडिंग करायचंय आणि व्हॅलोरंट, जीटीए फाइव्हही खेळायचंय. त्यात वावगं काय आहे? दाजी लातुरातल्या एका दुकानात गेले आणि सरळ म्हणाले, "मालक, आपल्याला ह्यातलं काय कळत नाही. पोरगं शिकायलंय, चांगलं बघून द्या." एवढं मोकळेपणानं बोलणाऱ्या माणसाच्या गळ्यात असला माल मारताना ह्या लोकांना काहीच कसं वाटत नाही? सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. त्या भावानं धरलं तरी ४५ हजार म्हणजे जवळपास साडेआठ क्विंटल सोयाबीन. आणि हमीभावानं किती जणांचं सोयाबीन गेलं, हे आडतीवर जाऊन विचारा.

भाच्यानं फोन केला, "मामा, गेम अडकायलाय." गावी गेलो, साइड पॅनल उघडलं आणि एकेक गोष्ट बाहेर आली.

आय-सेव्हन निघाला इंटेलचा २६००. हा २०११ च्या जानेवारीत आलेला प्रोसेसर आहे. चार कोर, आठ थ्रेड. २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१००एफ मध्येही चार कोर, आठ थ्रेडच आहेत आणि तो ह्या आय-सेव्हनला सहज मागं टाकतो. पण गिऱ्हाईकाला सात हा आकडा तीनापेक्षा मोठा दिसतो, आणि त्याच्या त्याच अज्ञानावर ह्यांची दुकानं चाललीत. ह्या जुन्या प्रोसेसरला एव्हीएक्स-२ (नव्या प्रोसेसरला कळणाऱ्या जादा सूचना) नाही, त्यामुळं काही नवे गेम सुरूसुद्धा होत नाहीत. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. उद्या जबरदस्तीनं ११ टाकलं तर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनच्या सुरक्षेच्या नव्या सोयी) मागतं. ते कुठून आणायचं? बोर्ड त्याच जमान्यातल्या एच-६१ चिपसेटचा, त्यावर कंपनीचं नावसुद्धा छापलेलं नाही. ह्याला म्हणे ‘गेमिंग मदरबोर्ड’!

आता ते ४ जीबी कार्ड. जीटी ७३०, जुन्या डीडीआर-३ मेमरीवालं, मेमरीची वाटही अरुंद, ६४ बिटचीच. हे २०१४ चं कार्ड आहे. सगळी लबाडी त्या ‘४ जीबी’मध्ये आहे. जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीचंच असतं, म्हणून माणसाला वाटतं दोन्ही सारखीच. पण जीबी म्हणजे फक्त मेमरी किती, एवढंच. ती मेमरी पळते किती, ते कोण सांगणार? ह्या जीटी ७३० ची मेमरी सेकंदाला १४.४ जीबी डेटा हलवते. जीटीएक्स १६५० ची १२८ जीबी. जवळपास नऊपट फरक! आणि दोन्हींना कोटेशनवर एकच नाव, ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’. दुकानदार छातीठोक सांगतो, "दादा, काय टेन्शन घेऊ नका, ह्याच्यावर सगळं पळतंय." काय पळतंय? कोणत्या सेटिंगवर, किती एफपीएसला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं? ते विचारलं की लगेच दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळतो.

सगळ्यात जास्त संताप आला तो एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा बघून. हातात घेतला तर हलका फूल. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट. बाजूला बारीक अक्षरातला तक्ता असतो, तो कुणी वाचत नाही. त्यात १२ व्होल्टच्या लाइनपुढं १४ अँपिअर लिहिलेलं. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः ह्याच लाइनवर चालतात. एकटा २६०० च ९५ वॅटचा. म्हणजे उद्या पोरानं पैसे साठवून आरएक्स ६६०० सारखं १३२ वॅटचं कार्ड आणलं, तर ते ह्यावर चालणारच नाही. नुसतं बंद पडलं तर नशीब, बोर्ड घेऊन जळलं तर? आपल्याकडं व्होल्टेज कधी वर, कधी खाली. उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढं. अशा ठिकाणी ज्या वस्तूवर सगळ्यात आधी खर्च करायला पाहिजे, तीच वस्तू ह्यांनी सगळ्यात स्वस्तातली घातली.

आणि पैसे कशावर उधळले? लाइटवर! कॅबिनेटला पुढून अख्खी काच, आत रंगीत पंखे. काचेमागचे पंखे हवा ओढणार कुठून? फट म्हणून नाही कुठं. पुढं साधी जाळी असलेलं, बिनलाइटचं कॅबिनेट घातलं असतं तर मशीन तरी थंड राहिलं असतं. पण दुकानात लाइट लावून दाखवलं की पोरं हरखतात, ते ह्यांना पक्कं माहीत आहे.

भाचा दुकानात विचारायला गेला तर उत्तर काय, "रॅमचे भाव वाढलेत ना, म्हणून एवढ्यात एवढंच बसतं." भाव वाढलेत, हे खरं आहे. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी तिकडं वळली, २०२५ च्या शेवटाला रॅम भयंकर महागली, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये क्रुशियल नावाची घरगुती रॅम विकणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याचा दोष मी लातूरच्या दुकानदाराला देणार नाही. पण बाबा रे, तू घातलेली रॅम डीडीआर-३ आहे, जुन्या पिढीची. जुन्या मशीनमधून काढलेली, एका पट्टीवर आधीच्या ऑफिसचं स्टिकर अजून तसंच आहे! भाववाढीची बातमी सांगून तू तिचे पैसे मागतोस?

ह्याच पैशात सरळ मार्ग होता. रायझन फाइव्ह ५६००जी प्रोसेसर, साधा बी-५५० बोर्ड, रॅमच्या दोन पट्ट्या, नामांकित कंपनीचा एसएमपीएस, आणि कार्ड आत्ता नाहीच. त्या प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्ससुद्धा ह्या जीटी ७३० पेक्षा सरस आहे. व्हॅलोरंट निवांत चाललं असतं, जीटीए फाइव्हही सेटिंग उतरवून चाललं असतं, आणि कार्ड पुढच्या वर्षी त्याच बोर्डवर बसवता आलं असतं. आता काय अपग्रेड करायचं? कार्ड बदलायचं तर एसएमपीएस बदला, प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदला, बोर्ड बदलला की रॅम बदला. ठेवण्यासारखी एक एसएसडी उरते.

बिलाची तऱ्हा आणखी वेगळी. "पक्कं बिल पाहिजे असेल तर १८ टक्के जीएसटी वर लागंल." कोटेशन देताना हे का नाही सांगितलं? आणि वॉरंटी? "वॉरंटी माझी हाय की, मी कुठं पळून चाललोय का?" कच्च्या चिठ्ठीवर ना तारीख, ना सीरियल नंबर, ना दुकानाचा शिक्का. उद्या हा माणूस सरळ म्हणेल, हा माल माझ्याकडचा नाहीच.

आता दुकानदार म्हणतोय, परत घेतो, पण २५ हजारात. दाजी म्हणतात जाऊ द्या, गावात-बाजारात तोंड बघायचंय, भांडण नको. नाही दाजी, जाऊ द्यायचं नाही. विक्रीनंतर बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं अनुचित व्यापारी प्रथा आहे. कोटेशनचा कागद आपल्याकडं आहे, पैसे फोनवरून दिल्याची नोंद आहे, उघडलेल्या मशीनचे फोटो मी काढलेत, एसएमपीएसच्या तक्त्याचासुद्धा. सोमवारी दुकान उघडलं की पक्कं बिल मागायचं, प्रत्येक वस्तूच्या मॉडेल नंबरासकट. नाही म्हणाला तर तिथंच उभं राहून १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावायचा.