धारची ‘वाग्देवी’: मूर्तीवरचा कोरीव लेख काय सांगतो?

वसंत पंचमी आली की एक फोटो फिरत फिरत फोनवर येतोच. पांढऱ्या संगमरवरातली, चार फुटांहून उंच, हात तुटलेली देवी. खाली मजकूर: ‘राजा भोजाच्या भोजशाळेतली सरस्वती. 1902 साली लॉर्ड कर्झनने उचलून लंडनला नेली.’ मूर्ती खरी आहे, मध्य प्रदेशातल्या धारचीच आहे आणि ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण बाकीचा मजकूर टिकत नाही.

कर्झनचं आधी उरकतो. मूर्ती मिळाली 1875 साली. तेव्हा कर्झन 16 वर्षांचा होता. व्हाइसरॉय होऊन आला तो 1899 मध्ये. आणि ती मिळाली पवारांच्या धारमधल्या राजवाड्याच्या जागी, भोजाची पाठशाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भोजशाळेत नव्हे.

आता मुख्य मुद्दा. ‘मूर्तीखालीच वाग्देवी, म्हणजे सरस्वती, असं कोरलंय, मग ही सरस्वती नाही असा वाद कसला?’ असं विचारतात. कोरलंय हे खरं. 1924 साली गांगुली आणि दीक्षित या अभ्यासकांनी हा कोरीव लेख छापला, त्यात भोजाचं नाव आणि ‘वाग्देवी’ दिसलं, आणि ही भोजाची सरस्वती असं ठरून गेलं. पण शब्द आहेत ‘वाग्देवीं प्रथमं विधाय’. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना ‘विधाय’ आठवेल: ‘करून’. मूर्ती करवून घेणाऱ्या वररुचीने आधी वाग्देवी केली, मग जैन तीर्थंकरांच्या तीन मूर्ती, आणि त्यानंतर ही अंबेची, म्हणजे जैन देवी अंबिकेची मूर्ती, असा सगळा क्रम लेखात आहे. सूत्रधार (मुख्य कारागीर) साहिराचा मुलगा मणथल याने ती घडवली, संवत 1091, म्हणजे इसवी सन 1034. अभ्यासक हरिवल्लभ भायाणींनी 1981 मध्ये हे वाचन मांडलं, तरी फोटोखालचा मजकूर तसाच फिरतो आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

शिल्पही तेच सांगतं. पायाशी सिंह आहे. नुसत्या सिंहावरून निकाल लावता येणार नाही. बिहार-बंगालकडच्या वागीश्वरीलाही, म्हणजे सरस्वतीच्याच एका रूपाला, सिंह असतो. पण इथे सिंहावर एक मुलगा बसलाय, आणि ती तीर्थंकर नेमिनाथांची यक्षी (सेविका देवता) अंबिका हिची ओळख आहे.

‘म्हणजे भोजाच्या धारमध्ये सरस्वती नव्हतीच म्हणायचं का?’ हा प्रश्न रागाने येतो. अजिबात नाही. उलट तिथे वाग्देवीची मूर्ती घडली होती, याचा पुरावा हाच लेख देतो. आणि अंबिका म्हटल्याने मूर्तीचं मोल तसूभरही कमी होत नाही. भोजाच्या राज्यात जैन उपासक किती सुरेख काम करून घेत होते, हे त्यातून दिसतं.

मूर्ती परत यावी असं मलाही मनापासून वाटतं. फक्त तिला मागताना तिच्या खऱ्या नावाने मागू या. वररुचीने आधी केलेल्या वाग्देवीचा पत्ता अजून लागलेला नाही, आणि अंबिकेलाच ती समजून बसलो तर तिला शोधणार कोण?