दार आहे, पण ते उघडणाऱ्याचा पगार बंद

अमेरिकेत बंदुकीचा विषय निघाला की दोन पार्ट्या लगेच तयार, एकीला सगळ्यांच्या हातात बंदूक हवी आणि दुसरीला कुणाच्याच नको, आणि या कालव्यात एक साधा प्रश्न राहूनच जातो की शिक्षा भोगून, दंड भरून, वर्षानुवर्षं सरळ वागलेल्या माणसाला गेलेला हक्क परत मागायचा असेल तर त्याने अर्ज करायचा कुणाकडे? मला स्वतःला बंदुकीचं काडीचंही आकर्षण नाही. पण कायद्याने एकीकडे म्हणायचं अर्ज करा आणि दुसरीकडे तो वाचणाऱ्याचा पैसाच बंद करायचा, हे काही मला पटत नाही.

झालंय काय, १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरलात की बंदूकही नाही आणि गोळ्याही नाहीत, तेही आयुष्यभर (राज्यांच्या काही किरकोळ गुन्ह्यांना आणि व्यापाराशी संबंधित काही गुन्ह्यांना सूट आहे, ती सोडून). प्रत्यक्षात किती दिवस आत होतात, होतात की नाही, हे कुणी बघत नाही. आणि याच कायद्यात परतीचा रस्ताही आहे बरं का! सरकारकडे अर्ज करायचा, हा माणूस समाजाला धोकादायक नाही असं त्यांना वाटलं तर बंदी उठते. हे काम एटीएफ नावाच्या, बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याकडे होतं. मग १९९२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, बजेटमध्ये एक ओळ घातली की अशा अर्जांवर एक पैसा खर्च करायचा नाही, आणि ती ओळ नंतर वर्षानुवर्षं तशीच पुढे येत राहिली. कलम रद्द केलं असतं तर मी समजू शकलो असतो, पण कलम जागेवरच, फक्त बघणारं कुणी नाही. आणि गंमत म्हणजे कंपनीने अर्ज केला तर तो बघायची परवानगी होती, माणसाने केला तर नाही!

टेक्सासमधल्या एका बंदूक विक्रेत्याचीच केस घ्या. १९९८ मध्ये तो सोबतच्या लोकांना घेऊन जेवायला सीमेपलीकडे मेक्सिकोत गेला, गाडीत गोळ्यांचा एक डबा राहून गेला होता, तिकडे पकडला गेला आणि दोषी ठरला. इकडे आल्यावर बंदुकीचा हक्क गेला म्हणजे धंदाही गेला. एटीएफकडे अर्ज केला तर तो न बघताच परत आला. खालच्या कोर्टांनी त्याचं ऐकलं, पण २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की खात्याने अर्ज नाकारलेलाच नाही, नुसता बघितला नाही, त्यामुळे कोर्टाला त्यात पडता येत नाही. म्हणजे नकार मिळाला असता तर निदान दाद तरी मागता आली असती, इथे नकारही मिळेना. आणि पुढे २००५ मध्ये त्याच कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात ठरवलं की परदेशातल्या कोर्टाची शिक्षा या बंदीसाठी धरायचीच नाही. घ्या!

आता कुणी म्हणेल राज्यं आहेत ना. आहेत, पण तिथेच माणूस जास्त फसतो. राज्याच्या कोर्टात शिक्षा झाली असेल तर गव्हर्नरची माफी, रेकॉर्ड पुसणं, नागरी हक्क परत मिळणं, यातलं काही झालं तर फेडरल (म्हणजे केंद्राच्या कायद्याची) बंदीही सुटू शकते, पण त्या माफीच्या कागदातच बंदुकीला मनाई लिहिली असेल तर संपलं. फेडरल कोर्टात शिक्षा झाली असेल तर राज्याच्या कागदाचा काही उपयोग नाही, हे १९९४ मध्येच ठरलंय. टेक्सासचा स्वतःचा कायदा म्हणतो की सुटकेनंतर, किंवा देखरेख असेल तर ती संपल्यानंतर, ५ वर्षांनी स्वतःच्या घरात बंदूक ठेवली तर चालेल, आणि त्यावर विश्वास ठेवून ठेवली तर त्याच घरात तो फेडरल गुन्हा ठरू शकतो, ज्याची कमाल शिक्षा २०२२ पासून १५ वर्षं केलीय. वकिलाशिवाय हे कुणाला कळणार?

आणि बंदी कुणाकुणावर, तर पेनसिल्व्हेनियातल्या एकाने १९९५ मध्ये फूड स्टॅम्पसाठी (गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत) खोटी माहिती दिली, २,४५८ डॉलर, पैसे परत केले, एक दिवसही तुरुंगात गेला नाही, पण गुन्ह्याला कमाल ५ वर्षं लिहिलेली म्हणून आयुष्यभर बंदी. तिथल्या फेडरल अपील कोर्टाने २०२३ मध्ये आणि परत २०२४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तो त्याच्यापुरता, आणि दुसऱ्या काही अपील कोर्टांचं मत याच्या बरोब्बर उलट आहे.

१९९२ ला दार बंद करणारे वेडे नव्हते हेही सांगतो. हक्क परत मिळालेल्यांपैकी काहींनी पुन्हा हिंसक गुन्हे केले होते, तपासात पैसा आणि माणसं जात होती, आणि इथे चूक झाली तर तिची किंमत भलताच कुणीतरी मोजतो. बायकोला मारहाण करणाऱ्यावर १९९६ पासून किरकोळ गुन्ह्यातही बंदी आहे आणि ती मला शंभर टक्के मान्य आहे.

म्हणूनच २०२५ मध्ये जे झालं त्याने मी जास्त वैतागलो. मार्चमध्ये न्याय खात्याने हे काम एटीएफकडून काढून घेतलं आणि पुढे ते माफीच्या अर्जांचं काम बघणाऱ्या ऑफिसकडे द्यायचं ठरलं. म्हटलं चला, एकदाचं दार उघडलं. तर हक्क परत मिळालेल्या सुरुवातीच्या मोजक्या लोकांत नाव कुणाचं, तर अभिनेता मेल गिब्सनचं, ज्याची २०११ ची केस घरगुती मारहाणीचीच! त्या ऑफिसच्या तेव्हाच्या प्रमुख एलिझाबेथ ओयर यांचं म्हणणं की त्यांनी या नावाची शिफारस करायला नकार दिला आणि लगेच त्यांची नोकरी गेली, न्याय खातं म्हणतं तसं काही नाही. खरं काय ते बाजूला ठेवा, पण फूड स्टॅम्पवाल्याला कोर्टात वर्षानुवर्षं झगडावं लागतं आणि स्टारचं काम यादीत होतं, हे दिसायला तरी बरं दिसतं का?

माझं म्हणणं एवढंच की हा निर्णय राजधानी वॉशिंग्टनमधल्या ऑफिसने बंद दाराआड करू नये. ज्या भागात तो माणूस राहतो तिथल्या जजसमोर उघड सुनावणी व्हावी, पीडित व्यक्तीला आधी नोटीस जावी, सरकारी वकिलाला विरोध करायची संधी मिळावी आणि निकाल कारणांसकट लिहिलेला असावा, म्हणजे नाही म्हटलं तरी पुढे अपील करता येईल. वॉशिंग्टन नावाच्या राज्यात (राजधानी वेगळी) कोर्टाकडे अर्ज करायची पद्धत आहेच, म्हणजे हे अशक्य नाहीये. आणि तोवर ज्यांचे नातेवाईक तिकडे या भानगडीत असतील त्यांनी आधी शिक्षा राज्याच्या कोर्टात झाली की फेडरल ते बघा, आणि 'दुकानात जाऊन बघू तरी बॅकग्राऊंड चेक पास होतो का' हा उद्योग अजिबात करू नका, कारण खरेदीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर तो स्वतःच एक नवा फेडरल गुन्हा आहे.