धुक्यात विमान थांबलं तर थांबू द्या

डिसेंबर आला की नागपुरात हिवाळी अधिवेशन आणि पहाटेचं धुकं पाठोपाठच येतात. दोन्हींचा भार सोनेगावच्या विमानतळावर पडतो, आणि त्यावर आपलं बोलणं "फ्लाइट लेट झाली" इथेच संपतं. माझी उमेदीची वर्षं विमानतळांच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या पटांगणावर, गाड्या चालवण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. धुक्यात वैमानिकासाठी सगळ्यात बिकट काम जमिनीवरचं असतं. बे (विमान उभं करायची जागा) सोडल्यापासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर धावपट्टीपासून बेपर्यंतचं.

उतरायला यंत्रं आहेत. दिल्लीसारख्या कॅट थ्री (दाट धुक्यातही उतरवणारी यंत्रणा असलेल्या) विमानतळावर फारसं काही दिसत नसतानाही विमान आपोआप धावपट्टीवर टेकतं. पुढे मात्र माणूसच ते हाताने चालवतो, डोळ्यांनी बघत. कॉकपिट उंचावर असल्यामुळे नाकाखालची जमीन दिसत नाही. टॅक्सीवेच्या, म्हणजे बे ते धावपट्टी या रस्त्याच्या, मधोमध हिरवे दिवे, कडेला निळे, आणि दाट धुक्यात त्यातले समोरचे दोन-चारच नजरेत येतात. पहाटे वर्धा रोडवर पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून गाडी चालवली असेल तर थोडी कल्पना येईल. इथे एक वळण चुकलं तर थेट धावपट्टीवर, आणि तिथे ताशी अडीचशे किलोमीटरने दुसरं विमान येत असू शकतं. यालाच रनवे इन्कर्जन म्हणतात: परवानगी नसताना विमान, गाडी किंवा माणूस धावपट्टीवर असणं.

धावपट्टीच्या अलीकडे जमिनीवर पिवळी आडवी खूण असते. दोन सलग रेघा, दोन तुटक. सलग रेघांच्या बाजूने आलात की टॉवरने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय चाक पुढे न्यायचं नाही. बाजूला लाल पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा आकडा. आपली १४/३२. दव पडून डांबर ओलं झालं की हेडलाइटमध्ये डांबरच चमकतं आणि पिवळा रंग त्यात हरवतो. जीपची काच खाली करून, मान बाहेर काढून मी ती रेघ शोधलेली आहे. मोठे दिवे लावावेत तर धुक्याची पांढरी भिंतच उभी राहते. अशा वेळी आम्हाला एकच शिकवण होती: खात्री नाही ना, जागेवर थांब आणि रेडिओवर सांग.

हे थांबणं किती मोलाचं आहे, ते डेट्रॉइटच्या अपघातात दिसतं. ३ डिसेंबर १९९०, दाट धुकं. एक डीसी-९ विमान टॅक्सी करताना (जमिनीवर चालताना) वाट चुकलं. आपण नेमके कुठे आहोत याची वैमानिकांना खात्री नव्हती, तरी विमान पुढे जात राहिलं आणि चालू धावपट्टीवर आलं. उड्डाण घेणाऱ्या बोइंग ७२७ चा पंख त्याला चिरत गेला. ८ जण गेले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने कारणांत हेच नोंदवलं, की आपण कुठे आहोत हे कळत नसताना वैमानिकांनी विमान थांबवलं नाही आणि टॉवरला वेळेत सांगितलं नाही.

मिलानच्या लिनाते विमानतळावरचं ८ ऑक्टोबर २००१ चं प्रकरण तर मला कधीच विसरता येत नाही. छोट्या सायटेशन जेटला आर-५ या टॅक्सीवेने जायला सांगितलं होतं, ते आर-६ वर वळलं. वाटेत वैमानिकाने कळवलं की आपण एस-४ खुणेजवळ आहोत. ती खूण जमिनीवर रंगवलेली होती, पण नकाशावर नव्हती, आणि ती कुठे आहे हे टॉवरमधल्या कंट्रोलरला माहीत नव्हतं. जमिनीवरची विमानं दाखवणारा जुना ग्राउंड रडार काढून टाकलेला, नवा अजून सुरू झालेला नव्हता. म्हणजे टॉवरच्या खिडकीतून धुकं आणि पडद्यावरही काही नाही. सायटेशन धावपट्टीवर आलं, तेवढ्यात उड्डाण घेणारं एमडी-८७ प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं. ११८ माणसं गेली. त्या छोट्या जेटच्या वैमानिकांकडे इतक्या कमी दृश्यमानतेत उड्डाण करण्याची पात्रताही नव्हती.

२७ मार्च १९७७ चा स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा दोन विमानांच्या टकरीचा अपघात बऱ्याच जणांना माहीत असतो, ५८३ मृत्यू. त्यातली घाईची बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. केएलएमच्या कॅप्टनवर ड्यूटीच्या तासांचा दबाव होता, मर्यादा ओलांडली असती तर विमान तिथेच अडकलं असतं. समोर धुकं, धावपट्टीवर पॅन ॲमचं विमान अजून चालतंय, आणि याने परवानगीविना थ्रॉटल पुढे सारला.

म्हणून केबिनमधल्या आपल्या आरडाओरड्याचा मला राग येतो. मागच्या हिवाळ्यात मी नागपूरहून पुण्याला जात होतो. विमान टॅक्सीवेवर मध्येच थांबलं, बाहेर पंखाचं टोकही धड दिसत नव्हतं. मागून एक जण ओरडला, "अरे काऊन थांबून रायला हा? चाल ना भाऊ!" लगेच आणखी तिघं-चौघं सुरू झाले, एअर होस्टेसला धारेवर धरलं. शेजारच्या आजींना मी म्हटलं, "आजी, तो थांबला हे चांगलं केलं." त्या म्हणाल्या, "हो रे बाबा, घाई कोनाले हाय." १४ जानेवारी २०२४ ला दिल्लीत धुक्याने रखडलेल्या विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर एका प्रवाशाने हात उचलला, तेही आपण मोबाइलवर पाहिलं. "मला नीट दिसत नाही, मी थांबतो" म्हणणाऱ्याला आपण शिक्षा देत राहिलो तर पुढचा तसं म्हणताना कचरेल. कंपन्यांनाही हे लागू आहे. टॅक्सीवेवर थांबलेल्या वैमानिकाला नंतर उशिराचा जाब विचारणारं ऑफिस धोकादायक ऑफिस आहे.

आता अधिवेशनाकडे येतो. त्या दिवसांत इथे छोट्या चार्टर विमानांची ये-जा वाढते. त्यातल्या काही वैमानिकांना हा विमानतळ रोजचा नसतो, आणि मागे बसलेल्या साहेबांना सभागृहाची वेळ गाठायची असते. लिनातेत छोटं जेट होतं. टोकियोच्या हानेदावर २ जानेवारी २०२४ ला धावपट्टीवर आलेलं विमानही तटरक्षक दलाचं लहान विमानच होतं. हवा स्वच्छ होती, तरी त्यातल्या ६ पैकी ५ जणांचा जीव गेला. त्याच्यावर आदळलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातले ३७९ जण बाहेर पडू शकले ते केबिन क्रूच्या शिस्तीमुळे. गाड्यांचंही तसंच. १५ फेब्रुवारी २०२० ला पुण्यात उड्डाणाच्या ऐन वेळी धावपट्टीजवळ जीप दिसली आणि वैमानिकाला विमान वेळेआधी उचलावं लागलं.

माझी मागणी साधी आहे. दृश्यमानता ठरावीक आकड्याखाली गेली की बाहेरून आलेल्या प्रत्येक छोट्या विमानापुढे वाट दाखवणारी फॉलो-मी जीप द्या, मागे मंत्री बसलेले असले तरी. पिवळ्या रेघांचा रंग नोव्हेंबरातच ताजा करा, स्टॉप बार आणि गार्ड लाइट हे धावपट्टीआधीचे इशाऱ्याचे दिवे रोज पहाटे तपासा. टर्मिनलच्या काचेवर आणि संगमरवरावर खर्च करताना ग्राउंड रडारचा प्रश्नही कोणीतरी विधानभवनात विचारा, आमदार तर त्याच महिन्यात इथेच असतात. आणि तुमची सकाळची फ्लाइट असेल तर पलीकडचं काम दुपारी ठेवा, घ्यायला येणाऱ्यांना आधीच सांगा की दोन तास इकडे-तिकडे होतील.