‘बिटरेट कमी दिला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय, की तुमच्या सीडींच्या लॉसलेस, म्हणजे मूळ ध्वनीतलं काहीही न गाळणाऱ्या, फायली करण्याचे पैसे घेऊन आम्ही त्या दाबून दिल्या. जुन्या गाण्यांच्या सीडीचा बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट) ४८० दिसतो, रॉकच्या सीडीचा १०२०, आणि खऱ्या सीडीचा तर १४११ असतो. म्हणजे वेळ वाचवायला आम्ही सेटिंग कमी ठेवलं, असं तुमचं म्हणणं. आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष मान्य नाही.

सीडीवर सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापं म्हणजे नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, आणि चॅनल दोन. गुणाकार करा, १४,११,२०० बिट होतात. नुसती शांतता असली तरी तेवढेच. तुम्हाला दिलेल्या फायलींचा लॉसलेस प्रकार म्हणजे फ्लॅक; तो आधीच्या नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधतो आणि अंदाज जितका चुकला तितकाच फरक लिहून ठेवतो. वाजवताना दोन्ही जोडले की मूळ नमुना बिट न् बिट परत मिळतो. त्यामुळे बिटरेट आम्ही ठरवत नाही, तो संगीतावरून ठरतो. फ्लॅकमध्ये निवडता येते ती ० ते ८ ही कॉम्प्रेशन लेव्हल, आणि आम्ही ८ वापरतो. तिला वेळ जास्त लागतो आणि फाइल किंचित लहान होते. वेळ वाचवला असता तर तुमचा ४८० उलट थोडा वाढलाच असता!

तुमची जुनी गाणी मोनो आहेत. दोन्ही चॅनलमध्ये तेच असल्यामुळे दुसऱ्याचा खर्च जवळपास शून्य. याउलट खरखरीचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून खरखर जास्त तसा बिटरेटही जास्त. मोठा आकडा पाहून खूश होण्यात अर्थ नाही, अंदाज बांधणं किती अवघड गेलं इतकंच तो सांगतो.

तपासायचं असेल तर फाइलच्या सुरुवातीला मूळ ध्वनीचा एमडी५ (ध्वनीच्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, फ्लॅकची चाचणी त्याच्याशी पडताळते. रिपिंगमध्ये, म्हणजे सीडीवरून फाइल करताना, खरी भीती ओरखड्यांची. त्यासाठी प्रत्येक अल्बमसोबत ॲक्युरेटरिपचा (त्याच सीडीच्या इतरांनी केलेल्या रिपशी ताडून पाहणाऱ्या सेवेचा) लॉग दिलाय, तो जरूर उघडा.

२४ बिटमध्ये करून देणार नाही. सीडीच्या १६ बिटांपुढे नुसती आठ शून्यं जोडण्याचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही. १४११ हाच आकडा दिसायला हवा असेल तर त्याच फायली वेव्ह या न दाबलेल्या प्रकारात वेगळे पैसे न घेता करून देऊ. जागा मात्र बरीच जास्त लागेल, आणि वेव्हमधले टॅग (गाण्याचं, गायकाचं नाव वगैरे) बरेच प्लेअर वाचत नाहीत. हवं असल्यास ऑर्डर क्रमांकासह कळवा.