पर्सेंटाइलवरून शिक्का मारू नका

रेसिडेंट, म्हणजे स्पेशालिस्ट होण्याचं प्रशिक्षण घेणारा डॉक्टर, प्रशिक्षणात दरवर्षी होणाऱ्या इन-ट्रेनिंग परीक्षेत ३५ पर्सेंटाइलच्या खाली आला की तो शेवटच्या बोर्ड परीक्षेत अडकणार, असं या परीक्षेवरच्या एका लेखात सरळ गृहीत धरलंय. घोळ तिथेच आहे. पर्सेंटाइल ही त्याच वर्षाच्या इतर रेसिडेंटांशी केलेली तुलना असते. बोर्डाचा निकाल ठरावीक पातळी गाठली की नाही यावर लागतो.

समजा १०० रेसिडेंट आहेत आणि त्यांतले १० बोर्डात नापास होणार आहेत. एखाद्या कट-ऑफने (याखालचे 'धोक्यात', अशा रेषेने) त्या १० पैकी ८ अचूक पकडले, पण पास होणारे १८ जणही त्याखाली आले. म्हणजे 'धोक्यात' ठरवलेल्या २६ पैकी १८ पास होणार! उलट कट-ऑफच्या वरच्या ७४ जणांत नापास फक्त २. ही परीक्षा निर्धास्त करायला चांगली, दोषी ठरवायला कच्ची.

म्हणून स्केल स्कोअर (दरवर्षीचे गुण तुलनेसाठी एकाच मापावर आणलेले) बघा, तोही दरवर्षी किती वाढतोय ते. अमेरिकन फॅमिली मेडिसिन बोर्डाच्या इन-ट्रेनिंग आणि बोर्ड या दोन्ही परीक्षा २०० ते ८०० याच स्केलवर असल्याने हे तिथे सोपं जातं. विषयवार टक्क्यांवर फार विसंबू नका: एखाद्या विषयाचे १० च प्रश्न असतील तर दोन चुकले की २० टक्के गेले. आदल्या रात्री ड्यूटी होती का, हेही विचारा. आणि कृपा करून हा स्कोअर बढतीला किंवा फेलोशिपच्या (रेसिडेन्सीनंतरच्या पुढच्या प्रशिक्षणाच्या) शिफारशीला जोडू नका. मग लोक याच परीक्षेसाठी घोकतात आणि बोर्डाचा अंदाज बांधायला तो स्कोअर निकामी होतो.